मिटवा

चारशे खुर्च्यांचा मालक, पण त्याला बसलेलं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून सगळे त्याला अध्यक्ष म्हणत. कुठे लग्न असलं, कुठे शोकसभा, कुठे बदली होऊन चाललेल्या साहेबाचा निरोप, की अध्यक्ष टेम्पो घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. लोखंडी घडीच्या खुर्च्या तो चालता चालता उलगडायचा. कार्यक्रम सुरू झाला की मागे जाऊन टेम्पोला टेकून उभा राहायचा आणि शेवटचा माणूस उठेपर्यंत लोकांच्या पाठी बघत राहायचा. माणसाचा चेहरा सभ्यपणाने खोटं बोलतो, पाठीला ते जमत नाही, कंटाळलेली पाठ कंटाळलेलीच दिसते, असं त्याचं मत होतं. प्रत्येक खुर्चीच्या मागे एक निळा ठिपका होता. दुसऱ्या कुणाच्या खुर्च्यांत मिसळू नयेत म्हणून त्याने अंगठा रंगात बुडवून तो लावला होता. जवळून पाहिलं तर ठिपक्यात अंगठ्याच्या रेषा दिसायच्या.

जिथे अध्यक्ष तिथे भोंग्या. भोंग्या म्हणजे माइकवाला. त्याचा स्वतःचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा, त्यामुळे "हॅलो, एक, दोन" एवढं सोडून तो आयुष्यात माइकवर काही बोलला नव्हता. तीनपासून पुढचं काम वक्त्यांचं, असं तो म्हणे. एकाने लोकांना बसवायचं, दुसऱ्याने त्यांना ऐकायला लावायचं. अशी वीस वर्षं गेली.

अध्यक्ष वरच्या वस्तीत राहायचा, भोंग्या खालच्या. दोन्हींच्या मधून मोठा रस्ता. त्या रस्त्यावर बस थांबायची, आणि दोन्हीकडची माणसं एकाच उन्हात तिची वाट बघत उभी राहायची. मग सरकारने बसथांब्याला छप्पर मंजूर केलं. एकच. सावली कुणाची, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा पडला.

प्रश्न सोडवायला भर दुपारी त्याच रस्त्यावर सभा भरली. खुर्च्या अध्यक्षाच्या, माइक भोंग्याचा. सभा सुरू झाली तेव्हा लोक खुर्च्यांवर होते. अर्ध्या तासात खुर्च्या लोकांवर होत्या. कुणीतरी माइक हिसकावून खालच्या वस्तीला हाक दिली, वरच्या वस्तीला ती ऐकू गेलीच, आणि संध्याकाळपर्यंत दोन्हीकडच्या काचा, डोकी, दुकानं यांचा चुरा झाला. वर्तमानपत्रांनी त्याला दंगल म्हटलं. सरकारने 'अनुचित प्रकार' म्हटलं. लोक नुसतं 'ते' म्हणत. "ते झालं त्याच्या आधी", "ते झाल्यानंतर". नाव दिलं असतं तर त्याच्याकडे बघावं लागलं असतं.

'ते' झाल्यानंतर शांतता समित्या आल्या. खुर्च्यांचा अनुभव ताजा असल्यामुळे सभेत खुर्च्या मांडू नयेत, असा वरून आदेश निघाला, आणि शांतता सतरंजीवर बसवण्यात आली. गुडघेदुखीची माणसं उभी राहिली, उभी माणसं भांडणार असं वाटून बंदोबस्त वाढला. पुढे समित्याही बंद झाल्या, कारण माणसं एकत्र आली की बोलतात, आणि बोलण्याचा भरवसा नाही. मग सरकारने भरवसाच पाठवला.

'भरवसा' हे ॲपचं नाव. प्रत्येकाने तो आपल्या फोनवर उतरवून घ्यायचा होता. महिन्याभरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकच भाषा ऐकू येऊ लागली.

"तुमचा भरवसा उघडतो का हो?"

"कुठला. कालपासून नुसता गोल गोल फिरतोय."

"आमच्याकडे म्हणतो जागा नाही, काहीतरी काढून टाका. मी जावयाचे फोटो काढले. आता नीट चालतो."

रोज सकाळी भरवसा विचारायचा, 'आज तुम्हाला शेजाऱ्यांबद्दल कसे वाटते?' खाली पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. रडक्यावर बोट ठेवलं तर पुढे बावीस प्रश्न उघडत, हसऱ्यावर ठेवलं की सुटका. दहा दिवसांत दोन्ही वस्त्या कमालीच्या आनंदी झाल्या. जिथे थांब्याचं छप्पर व्हायचं होतं तिथे सरकारने उजेडाची पाटी उभारली आणि तिच्यावर भरवशाचा आकडा झळकू लागला. साठ, बहात्तर, ऐंशी. बस मात्र आता थांबेनाशी झाली. थांबा कुठे आहे ते चालकाला कुणी सांगितलं नव्हतं.

भरवशात तक्रारीचीही सोय होती. अध्यक्षाने अगदी सुरुवातीला एक केली होती. त्याच्या निम्म्या खुर्च्या वाकल्या होत्या, कित्येक गेल्या होत्या. कुणाचं नाव घ्यावं असं त्याच्या मनात नव्हतं, निदान तो तसं सांगायचा. पण 'कोणाविरुद्ध' या चौकटीला लाल चांदणी होती, आणि ती भरल्याशिवाय पुढचं बटण उजळत नव्हतं. चौकटीत समोरच्याचा मोबाइल नंबर हवा होता. जगात आपल्याला एकच नंबर पाठ आहे, भोंग्याचा, असं अध्यक्ष म्हणे. त्याने तो घातला. बटण उजळलं.

"नंबर माझाही पाठ आहे तुम्हाला," बायको म्हणाली होती.

"तुझ्याविरुद्ध कशी करणार?"

"का? वीस वर्षं मीही सोबत आहेच की. पण माझ्या हातात माइक नव्हता, म्हणा ना."

तिचं बोलणं खिळ्यासारखं जागेवर बसायचं. चांदणीमुळे नंबर घातला हे खरं होतं. त्या दुपारची हाक भोंग्याच्या कर्ण्यातून आली होती, हेही खरं होतं. दोन खरी वाक्यं एकमेकांशेजारी ठेवली की त्यांच्यामधल्या फटीत माणूस किती आरामात राहू शकतो, हे त्याला पुढचे आठ महिने कळत गेलं. त्या आठ महिन्यांत त्याने रस्ता ओलांडला नाही.

एके दिवशी समन्वयक मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे सरकारने नेमलेली, तिशीतली, गळ्यात ओळखपत्र आणि डोळ्यांखाली काळं असलेली बाई. दोन्ही वस्त्यांच्या शांततेची जबाबदारी तिच्या एकटीवर होती आणि तिला छापायचं यंत्रही नीट चालणारं दिलेलं नव्हतं.

"काका, आकडा नव्व्याण्णववर अडकलाय. बाकी सगळ्यांनी मिटवलं. तुमची तेवढी राहिलीय."

"सगळ्यांनी मिटवलं?"

"सगळ्यांनी. तक्रार उघडा, खाली 'मिटवा' असं बटण आहे. दाबलं की झालं."

अध्यक्ष फोन हातात धरून बराच वेळ उभा राहिला. सगळ्यांनी मिटवलं. आपल्यालाच लाज म्हणून नाही. त्याने तक्रार उघडली. खरंच तिथे लिहिलं होतं, मिटवा. त्याने बोट ठेवलं. भरवशाने विचारलं, 'तुम्हाला नक्की मिटवायचे आहे का?' आठ महिन्यांत हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता, ना बायकोने, ना मॅडमने. त्याने 'हो' दाबलं. चौकट नाहीशी झाली आणि पांढरा पडदा उरला, धुतलेल्या फरशीसारखा.

"मिटलं," त्याने बायकोला सांगितलं.

"भोंग्याभावजी काय म्हणाले?"

"त्यांच्याशी बोलायला कशाला लागतंय? सरकारमार्फत मिटलं."

"बरं," ती म्हणाली. या 'बरं'ला तो सगळ्यात जास्त घाबरायचा.

सदरा बदलून तो निघाला. रस्ता ओलांडताना गुडघे हलके वाटत होते. भोंग्याचं दुकान होतं तिथेच होतं, फक्त काचेच्या जागी पुठ्ठा आला होता. आत भोंग्या स्टुलावर बसून फोन हातभर लांब धरून बघत होता.

"ये अध्यक्षा," तो म्हणाला, काल संध्याकाळीच भेट झाल्यासारखा. "बरा आलास. चष्म्याची काडी मोडलीय. हे वाच जरा, आत्ताच आलंय."

अध्यक्षाने फोन घेतला आणि मोठ्याने वाचायला लागला. "प्रिय नागरिक, आपल्याविरुद्धची तक्रार मिटवण्यात आली आहे."

"माझ्याविरुद्ध? तक्रार होती कधी?"

"तक्रारदाराचे नाव गोपनीय आहे." तो थांबला.

"पुढे?"

"आपला दिवस आनंदात जावो."

"त्याच्या आधी एक ओळ आहे. एवढं दिसतं मला."

अध्यक्ष पुठ्ठ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "विषय. लोखंडी घडीच्या खुर्च्यांचे नुकसान."

भोंग्याने फोन परत घेतला आणि खिशात ठेवला.

"नाव मात्र अगदी गुप्त ठेवलंय," भोंग्या म्हणाला. "चहा घेतोस?"

"नको."

"घे. तक्रारदाराला चहा द्यायची बंदी नसावी." त्याने उजव्या हातानेच किटली उतरवली, डावा हात मांडीवर तसाच ठेवून. "काय लिहिलं होतंस?"

"आता मिटवलंय ना."

"तू मिटवलंस. मला तर आत्ता कळलं. आठ महिने मी आरोपी, आणि रोज सकाळी तुझी आठवण काढून हसरा चेहरा दाबतोय." त्याने कप पुढे सरकवला. "मला उत्तर द्यायचंय."

"कशाला आता?"

"कशाला म्हणजे? तू बोललास, मी बोललोच नाही, आणि म्हणे मिटलं. पी आणि चल. ऑफिसात जाऊ."

ऑफिस म्हणजे बंद पडलेल्या टपाल कचेरीतली एक खोली. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर दोन्ही वस्त्यांचा हिरवागार नकाशा, आणि कोपऱ्यात कागद अडकलेलं यंत्र. अध्यक्षाने बटण दाबल्याबरोबर आकडा शंभर झाला होता आणि मॅडम निमंत्रणपत्रिकांवर पत्ते लिहीत होती. परवा सोहळा होता, 'पूर्ण भरवसा' असा किताब द्यायला मोठे पाहुणे येणार होते.

"मला याच्या तक्रारीला उत्तर जोडायचंय," भोंग्या म्हणाला.

मॅडमने बघितलं. "काका, तक्रारच नाहीये. उत्तर कशाला जोडू?"

"मग परत काढा."

"मिटवलेली परत येत नाही."

"म्हणजे मिटली?"

"म्हणजे गेली."

"गेली कुठे?"

"कुठेच नाही. नाहीच आहे ती. मिटवा म्हणजे… पाटीवरचं पुसतो ना आपण, तसं."

अध्यक्ष खुर्चीच्या पाठीला हात लावून उभा होता. "बाई, आम्ही मिटवा म्हणजे मिटवा समजलो," तो म्हणाला. "भांडण मिटवा, तसं."

मॅडमचं पेन थांबलं. ज्याने कुणी दूर राजधानीत बसून बटणाला नाव दिलं होतं, त्याने शब्दकोशातला पहिला शब्द उचलला होता. आणि शब्द असा, की त्यात डोळेही मिटतात, प्रश्नही मिटतो, आणि पाण्याने अक्षरंही.

"सगळेच तसं समजले असतील?" तिने हळू विचारलं.

"आमच्या आळीत तरी सगळे. शेजारचा शिंपी म्हणाला, सरकारने दोघांना बोलावून घेतलं असेल. म्हटलं तुला बोलावलं का? म्हणाला मला नाही, पण समोरच्याला घेतलं असेल."

ती हिरव्या नकाशाकडे बघत राहिली. तिला आठ महिने वाटत होतं की लोक एकेक करून माफ करत आहेत. लोकांना वाटत होतं की सरकार एकेक करून समजूत घालतंय. कुणी कुणाच्या दारात गेलं नव्हतं. एवढा मोठा गैरसमज दोन्ही वस्त्यांनी मिळून केला होता, हीच काय ती त्यांची एकी.

"मी परत तक्रार करतो मग," अध्यक्ष म्हणाला आणि फोन काढला. "तीच लिहितो. मग हा उत्तर देईल."

"नको काका." तिने टेबलावरून हात लांब करून त्याचा फोन हळूच पालथा घातला. "परवा होऊ दे. एक जरी आली तरी आकडा उतरतो, आणि माझ्या नोकरीची मुदतवाढ त्या आकड्यावर आहे. सोहळा झाला की या. मी स्वतः भरून देते, चांदणीसकट."

भोंग्याला तिची दया आली. अध्यक्षालाही आली. दोघं तक्रार न करताच बाहेर पडले. दारात भोंग्या म्हणाला, "परवाच्या खुर्च्या तुझ्याच ना?"

"हो. शंभर झाल्यावर खुर्च्या मांडायला परवानगी मिळाली."

"माइक माझा."

सोहळ्याच्या सकाळी बसथांब्याजवळचा चौक धुऊन काढला होता. उजेडाची पाटी दिवसाही पेटलेली. अध्यक्षाने खुर्च्या मांडल्या, ठोकून सरळ केलेल्या, काही अजून जराशा लंगड्या. भोंग्या शिडीवर चढून खांबाला कर्णे बांधत होता, एक वरच्या वस्तीकडे तोंड करून, एक खालच्या. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तीनदा कर्णा निसटला. चौथ्यांदा अध्यक्ष जाऊन शिडीवर त्याच्या मागे चढला आणि कर्णा वर धरला.

खाली उतरून भोंग्याने बटण टाकलं. "हॅलो. एक, दोन." मग माइक त्याने अध्यक्षाच्या हातात दिला.

"काय करू?"

"तक्रार कर. लिहिली होतीस ती. इथे चांदणी नाही, नाव घ्यायचं तर घे, नको तर नको. आणि मिटवायचं बटणही नाही."

"चालू आहे हा?"

"मी काय बंद माइक देईन?"

अध्यक्षाने रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं. "त्या दिवशी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज दोन्ही वस्त्यांवर जाऊन आदळला तसा तो दचकला. पण थांबला नाही. "त्या दिवशी माझ्या मित्राच्या माइकवरून हाक गेली. सगळे या म्हणून. मला वाटलं, याने का बंद केला नाही. तेच वाटत राहिलं. तीच तक्रार."

भोंग्याने माइक घेतला. वीस वर्षांत लोकांनी त्याच्याकडून पहिल्यांदाच दोनच्या पुढचं काही ऐकलं. "माइक माझ्या हातातून ओढला हे खरं. पण बटण माझ्या पायाशी होतं. मला ते दिसत होतं. मी दाबलं नाही. का दाबलं नाही ते मला अजून कळत नाही. आपल्याच लोकांचा आवाज होता म्हणून असेल. हे माझं उत्तर."

वरच्या बाजूला एक खिडकी उघडली. खाली दोन-तीन. अध्यक्षाने हात पुढे केला. माइक परत त्याच्याकडे आला.

"उरलेल्या खुर्च्या टेम्पोत होत्या," तो म्हणाला. "कडी लावलेली होती. आमची पोरं आली. म्हटलं तोडतील टेम्पो. कडी मी काढून दिली. हे तक्रारीत नव्हतं लिहिलेलं."

"माहीत आहे," भोंग्या माइकशिवायच म्हणाला. तो दुकानात गेला आणि एक खुर्ची घेऊन आला. पाय वाकलेला, पाठीवर निळा ठिपका. "पुठ्ठ्याच्या जागी काच होती तेव्हा आत आली. खांद्यावर."

अध्यक्षाने ठिपक्यावर अंगठा टेकवला. रेषा जुळल्या. भरवसा रोज सकाळी उघडताना त्याचा अंगठा मागायचा आणि अर्ध्या वेळा ओळखायचा नाही.

"तू का नाही केलीस तक्रार?"

"कुणाविरुद्ध? नंबर मलाही एकच पाठ आहे."

एवढ्यात मॅडम धावत आली, हातात हार, चपलेचा पट्टा तुटलेला. "काका, बंद करा. पाहुणे पुलापर्यंत आलेत. सगळीकडे ऐकू जातंय."

"त्या दिवशी बंद करायला हवा होता, बाई," भोंग्या म्हणाला. "आज कशाला?"

मॅडमच्या मागून एक म्हातारी वरच्या वस्तीतून उतरून आली होती, तिच्या मागे शिंपी, आणि खालच्या बाजूने चार-पाच माणसं. ती खुर्च्यांच्या कडेला रेंगाळली, कुणी कुठे बसायचं ते ठरलेलं नसल्यामुळे. म्हातारी पहिल्याच रांगेत, पाहुण्यांच्या जागी बसली आणि म्हणाली, "माझीही एक होती. त्या बटणाने गेली. इथे सांगितली तर चालेल का?"

मॅडमने पाटीकडे बघितलं. आकडा शंभरच होता. पाटीला कान नव्हते. तिने हार टेबलावर ठेवला, तुटकी चप्पल काढली आणि म्हातारीकडे माइक नेऊन दिला.

पाहुण्यांच्या गाड्या वळणावर येऊन थांबल्या तेव्हा शिंप्याचं चाललं होतं, आणि ज्याच्याबद्दल चाललं होतं तो तिसऱ्या रांगेतून "खोटं आहे, नीट सांग" म्हणत उठला होता. पाहुण्यांच्या सचिवाने लांबूनच विचारलं, "हे काय चाललंय?"

"तक्रारी," मॅडम म्हणाली. "नोंदवलेल्या नाहीत."

सचिवाने जरा विचार केला. नोंदवलेल्या नाहीत, म्हणजे आकड्याला धोका नाही. गाड्या बाजूला लावायला सांगून तो सावली शोधू लागला. चौकात सावली नव्हती.

भोंग्या आपल्या वाकड्या खुर्चीवर तिरका बसला होता. "हिचा पाय सरळ करून देतो," अध्यक्ष म्हणाला. "माझीच आहे."

"ठिपका दिसतोय. राहू दे. सवय झालीय हिची." मग जरा वेळाने, "मिटलं का रे?"

"कुठे एवढ्यात."

"मग उद्या ये. चहाला. तुझ्या बायकोलाही आण. तिला ऐकायला आवडेल."

"ती 'बरं' म्हणेल."

"म्हणू दे."

तिसऱ्या रांगेतला माणूस आता पुढे जाऊन माइक मागत होता आणि शिंपी सोडत नव्हता. अध्यक्ष मागे गेला. टेम्पोची कडी नीट लावलेली आहे ना, ते त्याने हात लावून बघितलं, आणि टेकून उभा राहिला. समोर दोन्ही वस्त्यांच्या पाठी होत्या, मिसळलेल्या. काही ताठ, काही रागाने आखडलेल्या, एक हुंदक्याने हलणारी. कंटाळलेली एकही दिसत नव्हती.